वाटेला राखणदार हवा

१९३७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या मेन राज्यातल्या डोंगरात शेवटचा तुकडा खणून झाला आणि ‘ॲपलेशियन ट्रेल’ ही लांबच लांब पायवाट पूर्ण झाली. आज ती जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत, १४ राज्यांतून सुमारे ३,५०० किलोमीटर जाते. पण १९३८ च्या सप्टेंबरातच न्यू इंग्लंडवर चक्रीवादळ आले आणि मैलोन्‌मैल झाडे वाटेवर आडवी झाली. पाठोपाठ महायुद्ध आले. राबणारे हात सैन्यात गेले आणि रानाने वाट गिळली. ती पुन्हा सलग व्हायला १९५१ साल उजाडावे लागले.

डोंगरात वाट पाडणाऱ्याचे नाव होते, ती राखणाऱ्याचे होत नाही. ॲपलेशियन ट्रेल जगात नावाजली ती मुख्यतः लांबीमुळे. मला तिच्यात जास्त रस आहे तो तिच्या राखणीच्या व्यवस्थेमुळे, कारण ही राखण बहुतांशी बिनपगारी माणसे करतात.

स्वप्न पाहणारा आणि चाक ढकलणारा

या वाटेची कल्पना बेंटन मकाय या वनशास्त्रज्ञाची. शहरात पिचणाऱ्या माणसाला डोंगराचा आसरा मिळावा, म्हणून १९२१ मध्ये वास्तुविशारदांच्या एका नियतकालिकात त्याने ती मांडली. १९२५ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली आणि आजही कारभार पाहणारी संस्था जन्माला आली. मात्र स्वप्न जमिनीवर उतरवले मायरन ॲव्हरी या वकिलाने. मोजणीचे चाक पुढे ढकलत तो डोंगर तुडवत राहिला. १९३६ पर्यंत, शेवटचा तुकडा खणायचा असतानाच, त्याने आखणीतली सगळी वाट तुकड्यातुकड्यांनी चालून संपवली होती. असे करणारा तो पहिलाच. पुढे डोंगरमाथ्यावरून मोटाररस्ता काढण्याच्या प्रश्नावर दोघांचे बिनसले आणि ते कायमचेच.

ॲव्हरीचे खरे काम चाकाइतके डोळ्यांत भरत नाही. त्याने गावोगावच्या गिर्यारोहकांना मंडळे काढायला लावली आणि प्रत्येक मंडळाला वाटेचा एकेक पट्टा नेमून दिला. आज अशी तीसच्या आसपास मंडळे आहेत. मंडळ आपला पट्टा पुन्हा सभासदांत वाटते आणि एकेकाच्या वाट्याला थोडे मैल येतात. आपल्याकडे रेल्वेचा कीमन जसा नेमलेल्या पट्ट्यातले रूळ तपासत चालतो, तसाच हा राखणदार वर्षातून काही वेळा आपल्या मैलांवर फिरतो. वाट चार फूट रुंद आणि आठ फूट उंच मोकळी ठेवायची. वाढलेल्या फांद्या छाटायच्या, पडलेली झाडे कापायची, झाडांवरचे दोन इंच बाय सहा इंचांचे पांढरे पट्टे पुन्हा रंगवायचे. १९६८ मध्ये या वाटेला राष्ट्रीय दर्जा मिळाला. १९८४ मध्ये तर सरकारने तिच्या जमिनीची देखभाल करारानेच १९२५ मध्ये जन्मलेल्या त्या स्वयंसेवी संस्थेकडे सोपवली.

पाण्याला वाट, वाटेला जीव

डोंगरवाटेचा खरा वैरी पाणी. माणसांचे बूट आणि गुरांचे खूर गवत मारतात, माती उघडी पाडतात. पुढचे काम पावसाचे. वाट सरळ उताराला लागलेली असेल तर तिचा आधी ओहळ होतो, मग घळ. घळीतून चालणे जिकिरीचे, म्हणून माणसे कडेने चालू लागतात. कडेचेही गवत मरते आणि एका वाटेच्या चार होतात. नागमोडी वळणे टाळून मधूनच खाली उतरणारे पाण्याला असाच नवा मार्ग आखून देतात.

यावरचे शास्त्र सोपे आहे. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवायचा. शंभर फुटांत चाळीस फूट उतार असेल, तर वाट वीस फुटांपेक्षा जास्त चढू द्यायची नाही. वाटेची दरीकडची कड किंचित खाली कलती ठेवायची. मग पाणी वाटेवरून धावत नाही, ती ओलांडून निघून जाते. जुन्या खड्या वाटांवर हे जमत नाही. तिथे दगडांचा किंवा ओंडक्यांचा तिरका बांध घालतात. तो पाणी साठवत नाही, वळवून कडेला काढून देतो. त्याच्या तोंडाशी गाळ आणि पालापाचोळा साचतो. तो उपसला नाही तर पाणी बांध ओलांडते आणि बांध असून नसून सारखा होतो. म्हणून वाटेवरचे सर्वांत मोलाचे काम सर्वांत कंटाळवाणेही आहे : फावडे घेऊन बांधांच्या तोंडचे चर मोकळे करत जाणे. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये ‘फिक्स द फेल्स’ या उपक्रमाचे स्वयंसेवक डोंगरावर फेऱ्या मारून हेच करतात.

खड्या चढावर पायऱ्याच लागतात. वरचा दगड खालच्या दगडाच्या मागच्या कडेवर टेकवायचा, म्हणजे पाऊल पडले की जोड सुटण्याऐवजी घट्ट बसतो. न्यूयॉर्कजवळच्या बेअर माउंटनवर, जिथे १९२३ मध्ये ॲपलेशियन ट्रेलचा पहिला पट्टा खुला झाला, तिथे झिजलेल्या डोंगरावर स्वयंसेवकांनी व्यावसायिक कारागिरांच्या हाताखाली ग्रॅनाइटच्या हजाराहून अधिक पायऱ्या बसवल्या. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांना हा डोंगर सुटीच्या दिवशी जाऊन येण्याजोगा आहे. तिथे गेलात तर पायाखालचे जोड जरूर पाहा.

हत्यारेही ठरलेली. पुलास्कीच्या एका अंगाला कुऱ्हाड, दुसऱ्या अंगाला कुदळीसारखे पाते. अमेरिकेतल्या १९१० च्या वणव्यात आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवणाऱ्या एड पुलास्की या वनरक्षकाचे नाव या हत्याराला मिळाले. अमेरिकेत १९६४ च्या कायद्याने राखलेल्या निबिड रानात यंत्रकरवत चालत नाही. तिथे आजही दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची करवतच लागते आणि ती चालवण्याआधी रीतसर प्रशिक्षण घ्यावे लागते.

आणि सह्याद्रीत?

आपल्याकडच्या घाटवाटा या साऱ्याहून कितीतरी जुन्या. नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे. तिथला दगडी रांजण जकातीचा, असे सांगतात. व्यापार चालू होता तोवर वाट राखण्यात अनेकांचा स्वार्थ होता. मोटाररस्ते आणि रेल्वे आल्यावर तो सरला. १८१८ च्या सुमारास इंग्रजांनी कित्येक गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, त्या वाटा तर तेव्हाच तुटल्या. शिवाय आपला पाऊस चार महिन्यांत कोसळतो. महाबळेश्वरसारख्या माथ्यावर तो वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. नेमक्या त्याच दिवसांत शनिवार-रविवारी गडवाटांवर रीघ लागते.

श्रमदानाची आपल्याकडे वाण नाही. दुर्गसंवर्धनाच्या मंडळांनी टाक्यांतला गाळ उपसला, दरवाजे बसवले, तटावरची झाडी काढली. कोकणातल्या गावांत गणपतीआधी वाडीवाडीतली माणसे जमून आपापल्या पाखाड्या आणि पायवाटा बेणतात. म्हणजे पट्टा वाटून घेण्याची रीत आपल्या गावकीत आहेच. पण पायथ्याच्या गावापासून गडाच्या दरवाजापर्यंतची वाट बहुधा कोणाच्याच नावावर नसते. एक दिवस शंभर माणसे येतात, फोटो निघतात आणि पुढच्या पावसात चर पुन्हा बुजतात.

ज्या मंडळांकडे माणसे आहेत, त्यांनी एकच वाट आणि तिचे दोनच किलोमीटर घ्यावेत. वनखात्याची, आणि गड संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याची, लेखी परवानगी आधी काढावी. पाणी कुठून येते आणि कुठे वळते हे पायथ्याच्या गावातल्या जाणत्या माणसाला विचारावे. काम करायला त्यालाच पुढे घालावे आणि त्याच्या मजुरीची सोय करावी. मेअखेरीस चर उपसावेत, दिवाळीनंतर सुटलेले दगड बसवावेत. दहा वर्षे हे नेमाने करणारी वीस माणसे एका दिवसाच्या शंभरांपेक्षा वाटेच्या जास्त कामाची. या दिवाळीनंतर ट्रेकची आखणी कराल, तेव्हा गटात एक फावडे ठेवा आणि कोणत्या दोन किलोमीटरची राखण आपण घ्यायची, तेही ठरवून टाका.