अडीचशेवर थांबलेलं पुस्तक

लेखिकेने निबंध लिहावा, नवऱ्याच्या साथीने शिशाचे खिळे जुळवून तो घरच्या घरी छापावा आणि मग एकूण एक प्रतीवर जांभळ्या शाईत सही करावी! व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘ऑन बीइंग इल’ची ही 1930 सालची हकीकत. प्रती 250, प्रत्येकीला क्रमांक, किंमत एक गिनी.

प्रेम, युद्ध, मत्सर यांवर साहित्यात एवढं लिहिलं गेलं, मग आजारपणावर का नाही, असं विचारणारा हा निबंध 1926 मध्येच टी. एस. एलियट यांच्या ‘न्यू क्रायटेरियन’मध्ये आला होता. तरी संग्राहक 1930 च्या पुस्तकालाच पहिली आवृत्ती मानतात, कारण त्यांच्या हिशेबात नियतकालिक वेगळं, पुस्तक वेगळं.

‘मर्यादित आवृत्ती’ हा पुष्कळदा निव्वळ दुकानदारीचा डाव असतो, हे खरंच. हातछपाईत मात्र मर्यादा कामातच असते. खिळे मोजके. पानं जुळवायची, ठरलेल्या प्रती काढायच्या, मग तेच खिळे सुटे करून खणांत परत टाकायचे आणि त्यांतूनच पुढची पानं उभी करायची. शेवटचं पान छापून होतं तेव्हा पहिल्याचा मागमूसही उरलेला नसतो! आणखी एक प्रत हवी असेल तर सगळं पुन्हा पहिल्या अक्षरापासून. वुल्फ यांच्या ‘अ रूम ऑफ वन्स ओन’च्याही 492 सहीच्या प्रती 1929 मध्ये निघाल्या, पण तिथे त्यांचा हात लागला तो सहीपुरता. मला म्हणूनच हे छोटं पुस्तक जास्त मोलाचं वाटतं.

आणि त्यात चुकाही आहेत. शाई कुठे गडद, कुठे फिकी. ‘कम्पॅनियन’च्या जागी चक्क ‘कॅम्पियन’, म्हणजे एक रानफूल. एका ग्राहकाने छपाईबद्दल तक्रार केली, तेव्हा बाईंनी मिश्कील उत्तर धाडलं. सगळे दोष कबूल. पण छपाई हा आमचा लंडनच्या घराच्या तळघरातला छंद, तो आम्हाला कुणी शिकवलेला नाही. बाकी प्रतींपेक्षा मागणी जास्त आहे, तेव्हा तुमची प्रत आताच गिनीहून अधिक किमतीला विकली जाईल, असंही त्यांनी वर सुचवलं.