अप्सरेचा घोटा

मराठी घरातल्या शोकेसमध्ये कधी ना कधी एक पितळी नर्तकी येऊन उभी राहते. कुणी वास्तुशांतीला दिलेली असते, कुणी दक्षिणेच्या सहलीतून कपड्यांच्या घडीत गुंडाळून आणलेली. एक पाय मुडपलेला, कमरेला बाक, हातात आरसा किंवा ढोलकं. धूळ पुसताना तिला कमरेला धरून उचलतात आणि परत ठेवतात. दुकानदाराला विचारलं तर तो ‘अप्सरा’ म्हणतो आणि लगेच वजन सांगतो. ओतकाम करणाऱ्याच्या दृष्टीनं मात्र ही बाई भलतीच अडचणीची आहे. तिची बहुतेक अडचण एकाच जागी साठलेली असते, ती ज्या पायावर उभी असते त्याच्या घोट्यात.

अप् म्हणजे पाणी, आणि त्यातून निघाल्या म्हणून अप्सरा, अशी व्युत्पत्ती रामायणातच समुद्रमंथनाच्या कथेत सांगितली आहे. उर्वशी, मेनका, रंभा ही नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. धातूचं काम करणाऱ्यांना जवळची वाटावी अशी मात्र तिलोत्तमा. महाभारताच्या आदिपर्वात सुंद-उपसुंद या भावांना एकमेकांत झुंजवण्यासाठी विश्वकर्मा तिला घडवतो, आणि तीही जगातल्या उत्तम वस्तूंमधून तीळ तीळ वेचून. देशभरातले ओतारी, तांबट, सोनार आपलं मूळ या विश्वकर्म्याशी जोडतात. उत्तर भारतातल्या भट्ट्यांमध्ये आज मुशीत काय पडतं ते पाहिलं, तर गोष्ट पुराणात राहत नाही. जुने नळ, फुटक्या घागरी, दारांच्या कड्या, यंत्रांचे तुकडे. अप्सरा भंगारातूनच उभी राहते.

दगडातल्या तिच्या बहिणी आपल्या ओळखीच्या आहेत. खजुराहोच्या भिंतींवर पायातला काटा काढणारी, निलंग्याच्या नीलकंठेश्वर मंदिरावरच्या आणि वैनगंगेकाठच्या मार्कंडाच्या सुरसुंदरी, बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरात छज्ज्याखाली कललेल्या मदनिका. शिल्पशास्त्रानं त्यांची वर्गवारीही करून ठेवली आहे. ‘शिल्पप्रकाश’ या ग्रंथात सोळा प्रकारच्या नायिका आहेत: आरसा पाहणारी दर्पणा, पोपटाशी बोलणारी शुकसारिका, पैंजण बांधणारी नूपुरपादिका, मृदंग वाजवणारी मर्दला. ‘क्षीरार्णव’ बत्तीस देवांगना सांगतो. आजच्या पितळी बाजारात यातल्या पाच-सहाच उरल्या आहेत, बाकीच्यांना गिऱ्हाईक नाही.

पण दगडातली सुरसुंदरी एकटी उभी नसते, हे सहसा ध्यानात येत नाही. तिच्या पाठीमागे मंदिराची भिंत असते. ती कितीही कलली, टाच कितीही उचलली, तरी भार भिंतीवर जातो. बेलूरच्या मदनिका तर ज्या शिळेतून कोरल्या, त्याच शिळेच्या महिरपीत वेलींनी अडकवलेल्या आहेत. तीच मूर्ती भिंतीतून सोडवून धातूत मोकळी उभी करायची म्हटली की भार जायला वाट एकच उरते.

नटराजही एका पायावरच उभा असतो, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण त्याच्याभोवती प्रभावळ असते. ज्वालांचं ते वर्तुळ विश्वाचं प्रतीक असेलही; ओतकामाच्या अंगानं पाहिलं तर ती एक सुरेख टेकण आहे. उडणाऱ्या जटा, वस्त्राचं टोक जाऊन तिला भिडतात आणि सांगाडा पक्का होतो. २०२३ मध्ये दिल्लीच्या भारत मंडपमपुढे उभारलेला सत्तावीस फुटी, सुमारे अठरा टनांचा नटराज याच रचनेचा. अप्सरेला प्रभावळ नाही, तो मान देवांचा. मग कारागीर तिला चोरून टेकणी देतो. वेणी इतकी लांब करतो की ती नितंबाला टेकते, ओढणीचं टोक पोटरीपाशी आणतो, पायाशी एखादी वेल, एखादं माकड बसवतो. चांगली पितळी अप्सरा हातात घेऊन फिरवून पाहिली की ही टेकणी एकेक करून सापडत जातात. बघणाऱ्याला ते अलंकार वाटतात.

तो दिल्लीचा नटराज घडला स्वामीमलैत. कुंभकोणमजवळ कावेरीकाठी वसलेलं हे गाव स्थपतींचं. जवळच्या दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर बाराव्या शतकात उभं राहिलं, तेव्हापासून आपण इथले, असं तिथली घराणी सांगतात. इथल्या मूर्तींना भौगोलिक मानांकन आहे. मूर्ती पंचलोहाची म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक भाग तांब्याचा, त्यात पितळ आणि थोडं शिसं, आणि सोनं-चांदी नावापुरतं. काम देवांचंच जास्त, पण नर्तकी नि पावै, म्हणजे दीप धरलेल्या स्त्रीमूर्तीही होतात.

पद्धत मेणाची. संस्कृतात मेणाला मधूच्छिष्ट म्हणतात, मधाचं उष्टं, आणि या ओतकामाला मधूच्छिष्टविधान. मधमाश्यांचं मेण, राळ आणि शेंगदाण्याचं तेल एकत्र कढवून गाळतात. आधी नारळाच्या झावळीची पट्टी मूर्तीच्या उंचीएवढी कापून तिला घड्या घालतात. त्या घड्यांवरून कपाळ किती, नाभी कुठं, गुडघा कुठं हे ठरतं. मग हात, पाय, डोकं मेणात वेगवेगळं घडवून तापलेल्या लोखंडी पात्यानं जोडायचं. उन्हाळ्यात मेण ढेपाळू नये म्हणून अर्धी मूर्ती पाण्यात बुडवून ठेवतात.

मेण तयार झालं की त्याचं वजन करायचं. त्यावरून मुशीत किती धातू टाकायचा ते कळतं, कारण पितळ मेणापेक्षा साधारण नऊपट जड असतं. हा हिशेब नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मेणाच्या वजनावरून धातू काढायची रीत दिली आहे. ती कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, लातूरच्या सीमेला लागून. निलंग्याच्या सुरसुंदरी तिथून फार लांब नाहीत.

मेणावर कावेरीच्या गाळाचा पातळ लेप देतात. हा पहिला लेप इतका बारीक असतो की मेणावर उठलेला बोटाचा ठसाही धातूत उतरेल. त्यावर जाड मातीचे थर, लोखंडी तारांचे वेढे, आणि सावलीत वाळवण. मग शेण्यांच्या विस्तवावर साचा तापवला की मेण वितळून वाहून जातं आणि आत पोकळी उरते, उलटी अप्सरा.

इथं घोटा आडवा येतो. मांडी जाड, घोटा करंगळीएवढा. ओतलेला धातू बारीक जागी आधी थिजतो. घोटा थिजला की मांडीकडे जाणारी वाट बंद. मांडीतला धातू अजून पातळ असतो, थिजताना तो आकसतो आणि मांडीला वरून आणखी धातू हवा असतो. तो मिळाला नाही तर आत पोकळी पडते. वरून मूर्ती देखणी दिसते आणि वर्षभरानं कुणाच्या तरी हातून खाली पडली की नेमकी तिथंच मोडते. यावर उपाय म्हणून मेणातच जादा काड्या जोडतात: टाचेपासून एक, गुडघ्याच्या मागून एक, कोपराला एक. धातू आत जायला वाटा आणि हवा बाहेर पडायला वाटा. ओतून झाल्यावर या काड्याही पितळाच्या झालेल्या असतात. त्या करवतीनं कापतात आणि छिन्नीनं खूण पुसतात. काडी कुठं जोडायची याचं गणित पुस्तकात सापडत नाही. ज्यानं मूर्ती मोडलेल्या पाहिल्या आहेत, त्याला ते येतं.

आणि साचा एकदाच वापरता येतो. फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही.

पितळाची वेगळी खोडी आहे. ते तांबं आणि जस्ताचं. ओतायच्या पितळाला वितळायला नऊशे अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि जस्त उकळतं ९०७ अंशांवर. म्हणजे पितळ वाहतं होतं त्याच सुमारास त्यातलं जस्त उडून जायला निघतं. भट्टीवर पांढरा धूर दिसतो तो हाच. म्हणून पूर्वजांना शुद्ध जस्त मिळवायला इतका वेळ लागला; उदयपूरजवळच्या झावरला मध्ययुगात मातीच्या नळकांड्यांतून खाली थंड करून ते गोळा करत. ओताऱ्याला यात दोन धोके. जस्त उडालं की पितळाचा रंग तांबूस होतो, धातू जड वाहतो. आणि तो धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. काम सुटत नाही, त्यामुळे ताप अंगवळणी पडतो. तोंडाला फडकं बांधणं एवढाच बऱ्याच ठिकाणी बंदोबस्त.

दुकानातली स्वस्त अप्सरा मात्र मेणातून आलेली नसते. ती येते अलीगढ-मुरादाबादच्या बाजूनं, वाळूच्या साच्यातून. दोन पेट्यांत वाळू ठासायची, नमुना दाबून काढायचा, धातू ओतायचा, वाळू मोडून पुन्हा ठासायची. एका नमुन्यातून शेकडो नग. हात वेगळे ओतून झाळायचे. मुरादाबादच्या पितळनगरीत हिंदू देवदेवता घडवणारे बरेच हात मुसलमान कारागिरांचे आहेत, आणि तिथं त्याचं कुणाला नवल वाटत नाही. या पद्धतीला नावं ठेवायचं कारण नाही; मराठी शोकेसपर्यंत अप्सरा पोचली ती तिच्यामुळेच. पण वाळूतून निघालेल्या मूर्तीचं नाक, बोटं, पैंजण बोथट असतात. त्यांना धार येते ती छिन्नीकामानं, आणि तिथं बाजार आड येतो.

पितळी मूर्ती घाऊक बाजारात किलोच्या भावानं जाते. बारीक कामाला भाव थोडा चढा मिळतो, पण हिशेब तराजूवरच. छिन्नीकार जितका धातू काढून टाकेल तितकी मूर्ती हलकी. दोन दिवस राबून पैंजणाचा घुंगरू न् घुंगरू सुटा केला, तर तराजूला तो दिसतच नाही. मग घुंगरांच्या जागी आडव्या रेघा येतात आणि बोटांची पाचही टोकं चिकटून राहतात. घोट्याचा प्रश्न तर एका फटक्यात सुटतो: घोटाच जाड करायचा. आजच्या बाजारात हत्तीच्या पायाची अप्सरा सर्रास मिळते, आणि ती कधीच मोडत नाही. तिच्याही खाली राळेची, पितळी रंग दिलेली मूर्ती आहे. तिला तर घोट्याची काळजीच नाही.

स्वामीमलैत दुखणं वेगळं आहे. तिथं मजुरी कामाला मिळते, पण एका मूर्तीला महिने लागतात आणि मंदिरांच्या मागणीपुढे नर्तकीची पाळी उशिरा येते. मामल्लपुरमला १९५७ पासून सरकारी शिल्पमहाविद्यालय आहे; शिकलेली मुलं सगळी भट्टीकडे वळतातच असं नाही.

त्यात ‘अँटिक फिनिश’चं वेड. गिऱ्हाइकाला झगझगीत पितळ नको, जुनं दिसणारं हवं. म्हणून नव्याकोऱ्या अप्सरेला रसायनं लावून हिरवट-काळी करतात, खाचांत काळं भरून उंचवटे तेवढे घासतात. हेही कसबाचंच काम आहे. पण १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची मूर्ती देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे परदेशी निघालेली अशी मूर्ती कस्टमला संशयास्पद वाटू शकते. मग व्यापारी तिचे चारही बाजूंनी फोटो काढतो, अर्ज भरतो आणि कष्टानं जुनी केलेली ती अप्सरा पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांपुढे नेऊन ठेवतो, ती नवी असल्याचा दाखला घ्यायला.