काच धुणारे पाणी

धुतलेली काच वाळल्यावर तिच्यावर जे पांढरे ठिपके उमटतात, ते धुळीचे नसतात. पाणी उडून जाते आणि त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार काचेवर राहतात. साकीनाक्यात अंधेरी-कुर्ला रस्त्यालगतच्या काचेच्या इमारतींना हा त्रास पाण्याप्रमाणे कमी-जास्त होतो. भातसा, वैतरणा, तानसाहून येणारे महापालिकेचे पाणी पावसाचे साठवलेले, म्हणून हलके. बोअरवेलचे पाणी बहुधा जड. यावर उपाय म्हणजे लांब दांडीच्या ब्रशमधून क्षार काढलेले पाणी सोडणे. ते पुसावे लागत नाही.

हे पाणी सेडिमेंट फिल्टर, कार्बन फिल्टर, आरओचे मेम्ब्रेन आणि शेवटी रेझिन यांतून या क्रमाने जाते. सेडिमेंट फिल्टर चोंदला की दाब पडतो. तेव्हा तो बदलावा. कार्बन नळाच्या पाण्यातले क्लोरीन अडवतो. तो संपल्याचे डोळ्यांना दिसत नाही, आणि क्लोरीनने खराब झालेले मेम्ब्रेन पुन्हा सुधारत नाही. कार्बनमधून बाहेर पडलेल्या पाण्यात क्लोरीन तपासणाऱ्या ओटी द्रावणाचे थेंब टाकावेत; पाणी पिवळे झाले तर कार्बन संपला. या स्वस्त फिल्टरवर केलेली काटकसर सर्वांत महागात पडते.

मेम्ब्रेन साधारण ९५ टक्के क्षार काढते. ५०० टीडीएसचे (विरघळलेल्या क्षारांचे माप) पाणी २५ वर येते आणि तेच रेझिन सुमारे वीसपट पाणी देते. रेझिनचे बारीक मणी उरलेले क्षार धरून त्यांच्या बदल्यात हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल आयन सोडतात. या दोन्हींचे पुन्हा पाणीच होते. बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य हवा. मीटर १० दाखवेपर्यंत थांबण्याची पद्धत आहे, पण संपत आलेले रेझिन सिलिका आधी सोडते आणि ती मीटरला नीट कळत नाही. म्हणून आकडा शून्यावरून हलताच नवे रेझिन मागवणे बरे. तारीख बघून बदलण्याला अर्थ नाही.

बदलताना पाणी बंद करून दाब सोडावा, रेझिनची टाकी उपडी करून मणी पूर्ण काढावेत. मधल्या नळीच्या तोंडाला चिकटपट्टी लावूनच नवे रेझिन ओतावे; नळीत गेलेले मणी थेट ब्रशच्या जेटमध्ये अडकतात. भरल्यावर पट्टी काढून झाकण लावावे आणि आकडा शून्यावर येईपर्यंत पाणी वाहू द्यावे.

सांडलेले मणी लगेच झाडून घ्यावेत. त्यांवरून पाय सटकतो. ते प्लॅस्टिकचे असतात, कुजत नाहीत. मिठी नदी साकीनाक्यातूनच वाहते. मणी तिच्यात जाऊ नयेत म्हणून जुने रेझिन गटारात न ओतता गोणीत बांधून पुरवठादाराकडे परत द्यावे.