न दुखणारे दुखणे

दाढ दुखली की आपण लगेच दवाखान्यात जातो. ताप आला की औषध घेतो. पण काही दुखणी मुळीच दुखत नाहीत. रक्तात वाढलेले कोलेस्टेरॉल हे असेच एक दुखणे आहे.

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ आहे. पेशींची आवरणे तयार होण्यासाठी तो लागतो. आपले यकृत तो स्वतः तयार करते. मांस, अंडी, दूध यांतूनही तो मिळतो. मग भीती कशाची? हा पदार्थ रक्तात विरघळत नाही. तो लहान कणांतून वाहून नेला जातो. त्यांपैकी एलडीएल नावाचे कण फार झाले, की ते रक्तवाहिनीच्या भिंतीत साचू लागतात. हळूहळू तिथे थर तयार होतो. एखाद्या दिवशी हा थर फुटतो. त्यावर रक्ताची गुठळी जमते, हृदयाचा रक्तपुरवठा अडतो आणि हृदयविकाराचा झटका येतो. तोपर्यंत माणसाला काहीच जाणवलेले नसते!

हा धोका कसा कळला? अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ साली एक अभ्यास सुरू झाला. त्यात ५,२०९ स्त्री-पुरुषांनी भाग घेतला. डॉक्टर त्यांना दर दोन वर्षांनी तपासत. ज्यांचे कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाब जास्त होता आणि जे सिगारेट ओढत, त्यांना हृदयविकार अधिक झाल्याचे दिसून आले.

पुढे उपायही सापडला. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना १९७३ साली एका बुरशीत कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारा पदार्थ मिळाला. या शोधातून स्टॅटिन नावाच्या गोळ्या आल्या. उत्तर युरोपातील ४,४४४ हृदयरुग्णांच्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला. स्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते.

म्हणून मोठ्या माणसांनी जवळच्या दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्यावे. डॉक्टर केवळ एक आकडा पाहत नाहीत. वय, रक्तदाब, साखर, तंबाखूची सवय, घराण्यातील हृदयविकार या सर्वांचा ते विचार करतात. तळलेले पदार्थ, तूप, चरबीयुक्त मांस कमी खावे. डाळी, भाज्या, फळे जास्त खावीत. रोज अर्धा तास भरभर चालावे. तंबाखू सोडावी. गरज वाटल्यास डॉक्टर गोळी देतात.

इथेच पुष्कळ लोक फसतात. आकडा उतरला की "आता बरे वाटते" म्हणून ते गोळी बंद करतात. पण आकडा गोळीमुळे उतरलेला असतो. गोळी सोडली की काही आठवड्यांत तो पुन्हा चढतो. गोळीचा त्रास होत असेल, तर डॉक्टरांना सांगावे. आपल्या मनाने ती सोडू नये.

मुलांनो, तुमच्या घरी आजोबा, आजी किंवा अब्बा अशी गोळी घेत असतील, तर रोज त्यांना तिची आठवण करून द्या. त्यांना काही दुखत नाही, म्हणूनच ही आठवण गरजेची आहे.