सुटलेली पकड

‘गाठीला सुरी लावू नका, रोग अंगभर पसरेल,’ असे आपल्यापैकी पुष्कळांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल. या भीतीपायी कित्येकांना डॉक्टरकडे जाण्यास उशीर होतो. तेव्हा कर्करोग मुळात पसरतो कशाने, हे आज आपण पाहू.

निरोगी अस्तरातील पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. अमेरिकेतील डेल रेक्स कोमन यांनी १९४४ साली ही पकड मोजली. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या बारीक सुयांनी त्यांनी पेशींच्या जोड्या ओढून अलग केल्या. सुई किती वाकते यावरून जोर कळे. कर्करोगाच्या पेशी पुष्कळच कमी जोराने सुटल्या.

ही पकड असते तरी कशाची? पेशीच्या आवरणातून काही प्रथिने बाहेर आलेली असतात. शेजारच्या पेशीवरील तशाच प्रथिनांशी ती गुंततात. या गुंफणीला कॅल्शियम लागते. जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांच्या संशोधनातून ती उजेडात आली. त्यांना ‘कॅडहेरिन’ म्हणतात.

ही पकड ढिली झाली म्हणजे काय होते, हे न्यूझीलंडमधील एका माओरी कुळाने भोगले. पिढ्यानुपिढ्या त्यांची माणसे, काही तर ऐन तारुण्यात, जठराच्या कर्करोगाने जात. अखेर त्या कुळानेच शास्त्रज्ञांची मदत मागितली. १९९८ साली कारण हाती आले: कॅडहेरिनच्या एका जातीचे जनुक सदोष होते. या रोगात पेशी एका ठिकाणी गाठ करीत नाहीत. सुट्या सुट्या जठराच्या भिंतीत शिरतात. म्हणून तो लवकर दिसतही नाही. आता रक्ततपासणीने दोष आधीच कळतो, आणि जठर काढून टाकून जीव वाचविता येतो.

परंतु नुसते सुटणे म्हणजे पसरणे नव्हे. काही पेशी तर पकड न सोडता झुंडीनेच निघतात. वाटेत रक्तप्रवाहात बहुतेक मरतात. उरलेल्यांना दूरच्या अवयवात पुन्हा चिकटावे लागते. इंग्रज शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली याला बी आणि जमिनीची उपमा दिली. बी चहूकडे पडते. उगवते ते मानवेल त्याच मातीत.

म्हणजे पसरण्याचे बळ पेशीच्याच अंगी येते. सुरी ते देत नाही. तपासणीसाठी तुकडा घेताना पेशी सांडण्याचा धोका क्वचित असतो, आणि शल्यवैद्य त्याची काळजी घेतात. गाठ झाकून ठेवली, तर मात्र पकड सुटायला आपणच अवधी देतो.