शिरोरेषा जाड, काना बारीक

महाशिवरात्रीला हिमायतनगरात श्री परमेश्वराची यात्रा भरते आणि गाव फ्लेक्सने भरून जाते. नांदेड जिल्ह्यातले, तेलंगणाच्या सीमेलगतचे हे तालुक्याचे ठिकाण. फ्लेक्सवर नावे फार आणि जागा थोडी. मग संगणकावर अक्षरांची रुंदी सत्तर टक्क्यांवर आणली जाते.

‘हिमायतनगर’ हाच शब्द घ्या. अक्षरे सात, वेलांटी आणि काना धरून उभे दंडही सात. शब्द आडवा दाबला की हे दंड बारीक होतात, शिरोरेषेची जाडी मात्र तेवढीच राहते. वर जाड पट्टी आणि खाली काड्या लोंबताहेत, असे ते दिसते. दाबलेले अक्षर आणि मुळात अरुंद घडवलेले अक्षर यांतला फरक हाच.

रोमन लिपीत ठळक, अरुंद, गोल टोकांचे अक्षर तुलनेने सोपे. देवनागरीत शिरोरेषेवर मात्रा-रफार, खाली उकार-ऋकार आणि मध्ये जोडाक्षरे. जाडी वाढवली की ‘म’ची गाठ बुजते, रुंदी घटवली की ‘क्ष’, ‘ष्ट’ यांचा चिखल होतो. पाटी रंगवणारा पेंटर ही अडचण शब्दागणिक सोडवायचा. कुंचला हातात असल्याने इथे गाठ लहान, तिथे काना थोडा आत, असे करणे त्याला जमे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षके अशीच एकेका नावाचा स्वभाव पाहून रेखाटली.

छापखान्याचा भर वाचनाच्या अक्षरांवर होता. जावजी दादाजींनी 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी घडवलेल्या त्याच्या खिळ्यांचा लौकिक मजकुराच्या सुबकपणामुळे झाला. पेंटरसमोर शब्द असतो, फॉन्टकाराला मात्र कोणता शब्द येईल हे ठाऊक नसते. प्रत्येक शक्यता आधीच सोडवून ठेवावी लागते.

गेल्या दशकात ठळक अक्षरांसाठी हे काम झाले. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘टेको’ अरुंद आहे, पण चौकोनी वळणाचा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘बालू’ जाड आणि गोल आहे, पण ऐसपैस. ‘मोदक’ इतका गुबगुबीत की अक्षरांच्या पोटातल्या जागेच्या जेमतेम पांढऱ्या रेघा उरतात. ‘बालू’ला इतर लिप्यांत भावंडे आहेत : तेलुगूत ‘बालू तम्मुडू’, उर्दूत ‘बालू भाईजान’. मराठी, उर्दू, तेलुगू शेजारी नांदणाऱ्या हिमायतनगरच्या पट्ट्यात एकाच वळणाची तिन्ही भाषांतली पाटी त्यामुळे शक्य झाली आहे.

हे तिन्ही फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. तेव्हा पुढच्या वेळी फ्लेक्सचे प्रूफ पाहताना फोटोआधी शिरोरेषा आणि काना यांची जाडी ताडून पाहा. मेळ नसेल तर अक्षर दाबू देऊ नका. अरुंद घडवलेला फॉन्ट मागा, नाहीतर दोन नावे कमी करा.