वर्गात यंत्र आणावे, पण कशासाठी?

महोत्सवासारख्या मंगल प्रसंगी शाळेला काही भरीव देणगी द्यावी, अशी इच्छा सभासदांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पूर्वी अशा वेळी कोणी खोली बांधून देत, कोणी बाके देत, कोणी ग्रंथालयास कपाटे देत. आज दाते बहुधा स्मार्ट बोर्ड, प्रोजेक्टर किंवा टॅब्लेट यांविषयी विचारणा करतात. हेतू स्तुत्यच आहे. तथापि या वस्तूंची किंमत लहान नसते, आणि संस्थेचा पैसा हा अनेकांच्या कष्टाचा पैसा असतो. म्हणून ही साधने वर्गात नेमके काय काम करतात, कोठे उपयोगी पडतात व कोठे केवळ शोभेची होऊन बसतात, याचा विचार देणगीपूर्वी होणे इष्ट होय. तोच करण्याचा हेतू प्रस्तुत लेखात आहे.

वडोद्यास हा विषय अगदीच नवा आहे असे नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डेन या ग्रंथपालास बोलावून त्यांनी ग्रंथालयांची व्यवस्था लावून घेतली. त्या खात्यातून पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी जात, आणि चित्रे व सिनेमा दाखवून शिक्षण देणारी एक शाखाही त्यात होती. म्हणजे त्या काळचे नवे यंत्र शिक्षणाच्या कामी लावण्यास येथे कोणी कचरले नाही. परंतु यंत्राच्या अगोदर शाळा, शिक्षक व पुस्तक यांची तजवीज झालेली होती, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

नुसते यंत्र दिल्याने काय होते?

दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने प्रत्येक मुलास एक संगणक देण्याची मोठी योजना हाती घेतली. तिचा परिणाम ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांत तपासण्यात आला व त्याचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. सुमारे पंधरा महिन्यांच्या वापरानंतर गणित व भाषा या विषयांत मुलांची काही प्रगती झाल्याचे आढळले नाही. संगणक आले होते, मुले ते हाताळतही होती. परंतु वर्गातील शिकविण्याची रीत पूर्वीचीच राहिली होती.

यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. शिक्षक फळ्यावर लिहितो व मुले उतरवून घेतात, हाच प्रकार पडद्यावर केला तर फळा तेवढा बदलतो. मूल पूर्वी ऐकत बसे, आता पाहत बसते. दोन्ही वेळा ते गप्पच असते.

हार्वर्डमधील एक अनुभव

याच्या उलट, साध्या साधनाने वर्ग कसा बोलका होतो, याचे उदाहरण अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात सापडते. तेथे एरिक माझुर हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक १९८४ पासून शिकवीत होते. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत व अवघड गणितेही विद्यार्थी बिनचूक सोडवीत. १९९० च्या सुमारास त्यांनी गतीच्या नियमांवर काही अगदी साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न वर्गास घातले. जड ट्रक व हलकी मोटार यांची टक्कर झाली, तर कोणाचा जोर कोणावर अधिक, अशा धर्तीचे ते प्रश्न होते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दोन्ही जोर सारखेच असतात. नियम सर्वांना पाठ होता. उत्तरे मात्र पुष्कळांची चुकली. सूत्रे येत होती, समज आलेली नव्हती.

माझुर यांनी पुन्हा समजावून सांगितले, तरी वर्गाचे चेहरे गोंधळलेलेच राहिले. तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांना आपापसांत बोलून उत्तर ठरविण्यास सांगितले. वर्गात एकच गलका झाला आणि थोड्याच मिनिटांत बहुतेकांना मर्म उमगले. नुकतेच समजलेल्या मुलास आपण स्वतः कोठे अडलो होतो हे ताजे आठवत असते. जाणत्या प्राध्यापकास ते कधीच विसरले गेलेले असते. म्हणून शेजाऱ्याचे सांगणे लवकर पटते. या अनुभवातून त्यांनी सहाध्यायी शिक्षणाची जी पद्धत बसविली, ती पुढे अनेक देशांत पसरली.

पद्धत कशी चालते?

आपल्या शाळेतील सातवी-आठवीचा वर्ग डोळ्यांपुढे आणू. शिक्षक प्रश्न घालतात: पेला पाण्याने काठोकाठ भरला आहे व त्यात बर्फाचा खडा तरंगत आहे. बर्फ वितळल्यावर पाणी सांडेल, पातळी खाली जाईल, की आहे तेवढीच राहील? प्रथम प्रत्येकाने दोन मिनिटे एकट्याने विचार करावयाचा व कोणाशी न बोलता आपले मत द्यावयाचे. शिक्षक मते मोजतात, पण बरोबर उत्तर सांगत नाहीत. मग वेगळे मत असलेला शेजारी शोधून त्याला आपले कारण पटवून द्यावयाचे. तीन-चार मिनिटांनी पुन्हा मतदान होते, आणि त्यानंतरच शिक्षक उलगडा करतात: तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतकेच पाणी बाजूस सारतो, वितळल्यावर त्याचे तेवढेच पाणी होते, म्हणून पातळी बदलत नाही.

प्रश्नाची निवड हा या पद्धतीचा प्राण होय. जवळजवळ सर्वांना उत्तर येत असेल तर चर्चेस विषय उरत नाही, आणि जवळजवळ कोणालाच येत नसेल तर पाठ पुन्हा शिकविणे बरे. वर्गात साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश मुले बरोबर असतील, तेव्हा चर्चा रंगते. हुशार मूल बोलते व बाकीचे त्याचे ऐकून उत्तर बदलतात, एवढेच यात घडते, अशी शंका कोणी घेईल. ती २००९ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात तपासण्यात आली. ज्या गटांत प्रारंभी कोणालाच उत्तर ठाऊक नव्हते, त्यांतील पुष्कळ विद्यार्थ्यांनाही चर्चेनंतर त्याच तऱ्हेचा दुसरा प्रश्न एकट्याने सोडविता आला.

मग यंत्राचे काम कोणते?

हात वर करावयास सांगितले, की भिडस्त मूल आधी पुढच्या बाकाकडे पाहते व मग हात वर करते. मागच्या बाकावरील मुलीला काय वाटते, हे शिक्षकास वर्षभर कळत नाही. मत गुप्तपणे व सर्वांचे एकदम घेता यावे, यासाठी क्लिकर नावाची हातात मावणारी बटणांची यंत्रे निघाली. बटण दाबताच कोणत्या उत्तरास किती मते, ते पडद्यावर उमटते. यंत्राचा खरा उपयोग हा: ते सर्वांना बोलते करते व एकालाही सुटू देत नाही.

परंतु हेच काम कागदी कार्डांनी होते काय? कॅनडातील एका कॉलेजात ही तुलना झाली व २००८ साली प्रसिद्ध झाली. एका वर्गास क्लिकर दिले, दुसऱ्यास अक्षरांची कार्डे. दोन्ही वर्गांना शिकण्यात सारखाच लाभ झाला. यंत्रामुळे अधिक काही पदरात पडले नाही. शिक्षकाची मोजणीची दगदग मात्र वाचते व नोंद राहते.

या दोहोंमधला मार्गही आज उपलब्ध आहे. प्लिकर्स नावाच्या व्यवस्थेत प्रत्येक मुलाजवळ छापील नक्षीचे एक कार्ड असते. जे उत्तर वाटेल ती बाजू वर करून मूल कार्ड धरते, आणि शिक्षक आपल्या मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवून सर्वांची मते टिपतात. प्रत्येकाची नक्षी निराळी असल्याने शेजाऱ्याचे पाहून उपयोग होत नाही. मुलांजवळ कोणतेही यंत्र लागत नाही.

आपल्या मुलांचा विशेष प्रश्न

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत या गोष्टीचे महत्त्व अधिक आहे. आपली अनेक मुले घरी मराठी, गल्लीत गुजराती व शाळेत इंग्रजी बोलतात. बर्फाचे मर्म त्यांना समजलेले असते, पण इंग्रजी वाक्य जुळत नाही म्हणून ती तोंड उघडीत नाहीत, आणि शिक्षक समजतात की मूल मंद आहे. शेजाऱ्याशी बोलताना ते मराठीत वा गुजरातीत बोलले तरी चालते. विचार एकदा पक्का झाला, की परभाषेतील शब्द पुढे येतातच.

देणगी देताना

यंत्रे देऊच नयेत, असा या विवेचनाचा अर्थ नाही. धडधडणारे हृदय किंवा ग्रहणाची सावली पडद्यावर दाखविली तर जे कळते, ते शब्दांनी कळत नाही. मात्र दात्यांनी देण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. या वस्तूमुळे एका तासात किती मुले बोलतील? ती वापरण्याचे शिक्षण शिक्षकांस कोण देणार? तीन वर्षांनी ती बिघडली तर दुरुस्तीचा खर्च कोठून येणार? आणि वीज गेली तर तास चालेल काय? उत्तरे समाधानकारक असतील तर देणगी अवश्य द्यावी. नसतील तर तेवढ्याच रकमेत अनेक वर्गांना कार्डे मिळतील व शिक्षकांच्या प्रशिक्षणाचीही सोय होईल.

पैशाखेरीज आणखी एक देणगी आपल्या हाती आहे. सभासदांत निवृत्त शिक्षक, अभियंते, डॉक्टर व बँकेतील अधिकारी पुष्कळ आहेत. प्रत्येकाने आपल्या विषयातील, मुलांना वाद घालावासा वाटेल असे दहा प्रश्न मराठी, गुजराती व इंग्रजी या तिन्ही भाषांत लिहून दिले, तर शाळांच्या हाती एक उत्तम प्रश्नसंग्रह येईल. त्यास वीज लागणार नाही व तो जुनाही होणार नाही. महोत्सवाच्या वर्षी एवढे कार्य आपल्या हातून घडले, तर मागच्या बाकावरील मुलीचे मत आपल्याला प्रथमच ऐकू येईल.